पीटीचा तास कुणाचा?

मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. प्रतिमापूजन होते, भाषणे होतात, पदके मिळवलेल्या मुलींचे कौतुकही होते. मात्र क्रीडांगणावरच्या समतेची खरी परीक्षा असते ती दुसऱ्या दिवशी, पीटीच्या तासाला.

हा तास अनेक शाळांत कसा जातो, ते आपण सारेच जाणतो. शिट्टी वाजते, कपाटातून चेंडू निघतो आणि थेट मुलांकडे जातो. मैदानाचा मधला भाग त्यांचा. मुलींच्या वाट्याला कडेची जागा, दोरीच्या उड्या, नाहीतर लेझमीची तालीम. एखाद्या मुलाचा चेंडू तोकडा पडला की सर सहज म्हणून जातात, ‘‘मुलीसारखा काय फेकतोस?’’ मुलगा खजील होतो आणि ऐकणाऱ्या साऱ्या मुलींना आपली पायरी कळते. वास्तविक फेकणे हे शिकण्याचे कौशल्य आहे. पुढे पाय कोणता टाकायचा, कंबर आणि खांदा कसा वळवायचा, हे ज्याला गल्लीत खेळून आले त्याला आले. जिला गल्लीत खेळू दिले नाही तिला ते शिकवणे, हेच शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचे काम.

संधी मिळाली की काय घडते, याचा दाखला दूर शोधायला नको. महिलांची तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती थेट २००८ साली. पुरुष मात्र १९२० पासून याच अंतराची शर्यत धावत होते. दार उघडल्यावर आठच वर्षांत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये, साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. २०२५ मध्ये खो-खोचा पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला, तोही महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली. मुलींना खेळाची आवड नसते, असे म्हणणाऱ्यांनी आता तरी थांबावे.

दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तरच आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक सांगितला, आणि तोही अंशकालीन. गणित मागे पडले की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. शिक्षिका असली तर तिच्याकडे मुलींची शिस्त आणि गॅदरिंग. संघ निवडणे, सामन्याला नेणे सरांकडे. पाळीच्या दिवसांत काय करावे, हे मुलीने विचारायचे कुणाला? ती ‘‘बरं नाही’’ म्हणून कडेला बसते आणि हळूहळू कायमची बसते.

उपाय आवाक्यातले आहेत. चेंडू आणि मैदान यांचे वेळापत्रक मुला-मुलींसाठी समान असावे. धावता येईल असा खेळाचा गणवेश आणि स्वच्छ स्वच्छतागृह मुलींना मिळावे. बीपीएडच्या सराव पाठांत मुला-मुलींचा एकत्र वर्ग हाताळण्याचे शिक्षण सक्तीचे व्हावे. शिक्षिकांना संघाची पूर्ण जबाबदारी द्यावी, मुलांच्या संघाचीसुद्धा. बाईंच्या शिट्टीवर धावलेला मुलगा पुढे मैदानात आलेल्या बहिणीला अडवणार नाही.

क्रीडा दिनी मुख्याध्यापकांनी भाषणाआधी एक करावे: गेल्या आठवड्यात शाळेतल्या किती मुलींच्या हाती चेंडू आला, हे तपासावे. ते उत्तर समाधानकारक नसेल, तर सत्काराचे हार थोडे थांबू शकतात. वेळापत्रक आजच बदलायला हवे.