ब्लॅक स्टार : दोघांचा पहिला अल्बम

रॅप म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठ्या येतात. शिवीगाळ, बंदुका आणि पैशाचा माज हीच त्याची ओळख झाली आहे. ही तक्रार खोटी नाही. अमेरिकेत सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्ये नोटोरियस बी.आय.जी. हे दोन नामवंत रॅपर गोळ्या घालून मारले गेले. दोघांनीही वयाची सव्विशी पाहिली नाही.

त्यानंतर दीड वर्षाने, २९ सप्टेंबर १९९८ रोजी, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील दोन तरुणांचा अल्बम आला. एक मोस डेफ, दुसरा तालिब क्वेली. जोडीचे नाव ‘ब्लॅक स्टार’. मोस डेफने १९व्या वर्षी कलमा पढून इस्लाम स्वीकारला होता. क्वेली मुस्लिम नाही. पण त्याच्या नावातला ‘तालिब’ आपल्या ‘तालिबे-इल्म’मधलाच आहे, आणि ‘क्वेली’ म्हणजे स्वाहिली भाषेत सत्य.

‘ब्लॅक स्टार’ हे नावही विचारपूर्वक घेतलेले होते. मार्कस गार्वे यांनी १९१९ मध्ये काळ्या लोकांच्या मालकीची ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली. ती १९२२ मध्ये बंद पडली, पण स्वाभिमानाची खूण म्हणून तिचे नाव उरले. या दोघांनी आपल्या रॅपमध्ये गोळीबारात जाणाऱ्या तरुण जिवांबद्दल, काळ्या रंगाच्या सौंदर्याबद्दल आणि आपल्या शहराबद्दल सांगितले. क्वेली ब्रुकलिनमधील ‘एनकिरू’ या पुस्तकांच्या दुकानात काम करत असे. ते अडचणीत आले तेव्हा दोघांनी मिळून ते विकत घेतले. नाव झाल्यावर बहुतेकांना गाडी सुचते, यांना पुस्तके सुचली.

पण जोडी फार काळ एकत्र चालली नाही. १९९९ मध्ये मोस डेफचा स्वतंत्र अल्बम आला, त्याची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. २००० मध्ये क्वेलीने संगीतकार हाय-टेकबरोबर वेगळा अल्बम काढला. मोस डेफ चित्रपटांतही रमला आणि पुढे यासिन बे या नावाने ओळखला जाऊ लागला. जोडीचा दुसरा अल्बम आला तो थेट मे २०२२ मध्ये. तोही पैसे भरून ऐकायच्या एका पॉडकास्ट अॅपवर, त्यामुळे फार लोकांपर्यंत पोहोचला नाही.

बाजाराच्या हिशेबाने याला उतरती कळा म्हणतील. तरीही तो पहिला अल्बम आजही आदराने ऐकला जातो, कारण त्या दोघांकडे सांगण्यासारखे काही होते.

संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्याचा निवाडा करणे हे या सदराचे काम नाही. पण मुले रॅप ऐकतात, काही लिहितातही, हे आपल्याला ठाऊक आहे. नुसते “बंद कर” म्हटल्याने ती आपल्यापासून लपवायला शिकतात. त्याऐवजी एकदा शेजारी बसून विचारावे : बेटा, हा काय म्हणतोय? हे शब्द तू अम्मीसमोर म्हणशील का? तुला स्वतःला काय सांगायचे आहे? खरी तरबियत या प्रश्नांतून होते.

कुरआनने सूरह इब्राहीममध्ये चांगल्या शब्दाला घट्ट मुळांच्या झाडाची उपमा दिली आहे. आपल्या मुलांच्या शब्दांना ती मुळे देणे हे आपले काम आहे.