चारशे अँपियरची थाप

घरच्या घरी वेल्डिंग करायची हौस असलेल्या माणसाला फसवायला फार अक्कल लागत नाही. खोक्यावर मोठा आकडा छापला की झालं. चार-पाच किलोचं भडक रंगाचं मशीन, खांद्याला अडकवायला पट्टा, दर्शनी भागावर ठळक ‘४००’, आणि सोबत होल्डर, क्लॅम्प, प्लास्टिकची ढाल, तारेचा ब्रश सगळं ‘मोफत’. गिऱ्हाईक खूश, कारण शेजाऱ्याचं मशीन २०० चं आहे. आमच्या रायगडातल्या कर्जत-खालापुरात पार्किंगवर पत्रा टाकून त्याला गॅरेज म्हणायची पद्धत पडली तेव्हापासून अशी मशिनं घराघरांत शिरली आहेत, आणि त्यातली बरीचशी आज कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून आहेत. मला या प्रकाराची चीड आहे, आणि ती दुकानदारापेक्षा गिऱ्हाइकाची जास्त आहे. थाप मारणारा निदान धंदा तरी करतो. गुणाकार येत असूनही पैसे मोजून थाप घरी आणणाऱ्याला काय म्हणायचं?

गुणाकार करूनच बघू. रॉडच्या वेल्डिंगला आर्कचे व्होल्ट किती धरायचे याचं ठरलेलं सूत्र आहे: २० व्होल्ट, अधिक अँपियरच्या ०.०४ पट. म्हणजे ४०० अँपियरला ३६ व्होल्ट. ३६ गुणिले ४०० म्हणजे १४,४०० वॉट. ही झाली नुसती बाहेर पडणारी ताकद. मशीन एक वॉटही वाया घालवत नाही असं समजू, जरी असं मशीन अजून जन्माला आलेलं नाही. तरी २३० व्होल्टवर त्याला आत ६२ हून जास्त अँपियर लागतील. तुमच्या भिंतीवरचा मोठ्यात मोठा प्लग १६ अँपियरचा! हे मशीन खरोखर ४०० अँपियर द्यायला लागलं तर आधी प्लग वितळेल, मग वायर, आणि मग तुमचा उत्साह. तसं होत नाही, कारण ते ४०० देतच नाही.

हे मी एका दुकानात बोललो, तर उत्तर मिळालं, “काका, ४०० हा मॉडेल नंबर आहे.” मशीन उलटं केलं. मागच्या पट्टीवर मुंगीएवढ्या अक्षरात खरा आकडा होता, निम्म्याहूनही कमी. म्हणजे कायद्याने खोटं बोललेलं नाही, आणि खरं तर मुळीच सांगितलेलं नाही. या कारागिरीला दाद द्यायला हवी. मशीनच्या आतही तेवढीच कारागिरी असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता उलटं गणित. १६ अँपियरच्या प्लगमधून २३० व्होल्टवर मिळतात ३,६८० व्होल्ट-अँपियर. स्वस्त इन्व्हर्टर मशीन साधारण ८० टक्के कार्यक्षम, आणि त्याचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या आसपास. हातात उरतात दोन हजारांच्या वर थोडे वॉट. वरचं सूत्र लावा: ८५ ते ९० अँपियर. एवढ्यात अडीच मिलिमीटरचा रॉड चालतो, ज्याला आपल्याकडे बारा नंबर म्हणतात. त्याला ६० ते ९० अँपियर पुरतात. सव्वातीनचा दहा नंबर चालवायचा तर ९० ते १३० हवेत, म्हणजे घरचा प्लग तिथे हात वर करतो. मशीनवर काहीही छापलेलं असो, तुमच्या घराने तुमचा रॉड आधीच ठरवून टाकलेला आहे.

आणि बारा नंबर कमी पडतो कुठे? सोळा गेजचा चौकोनी पाइप, पाऊण इंची अँगल, तीन मिलिमीटरची पट्टी: घरी माणूस करतो ते टेबल, कुंड्यांचा स्टँड, कोंबड्यांचा खुराडा, फाटकाची निखळलेली बिजागरी, सगळं यात बसतं. ज्याला याहून जाड लोखंड जोडायचं आहे, तो हौस करत नाहीये, तो कारखाना काढतोय. त्याने थ्री फेज कनेक्शन घ्यावं आणि माझा वेळ घेऊ नये.

पण २३० व्होल्ट हा आकडासुद्धा पुस्तकातला. आमच्या भागात मे महिन्यात रात्री आठ वाजता मल्टिमीटर लावून बघा. डीपीपासून शेवटच्या खांबावर घर असेल, शनिवार असेल आणि आजूबाजूच्या बंगल्यांत एसी लागले असतील, तर १८० दिसले तरी नशीब समजा. गंमत म्हणजे ही वीज आमच्याच डोंगरातली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, मुंबईच्या गिरण्यांसाठी. भिवपुरीचं १९२२ मध्ये. घाटमाथ्याचं पाणी इथे खाली पडतं, वीज मुंबईला जाते, आणि वापरून झालेलं पाणी पाताळगंगेत आणि पेजेत सोडलं जातं. त्या पाण्यावर आम्ही दुबार भात काढतो, हे कबूल. विजेच्या बाबतीत मात्र शंभर वर्षं झाली तरी धरण उशाला आणि कोरड घशाला.

म्हणून कर्जत-खालापुरात मशीन निवडण्याची सुरुवात मल्टिमीटरपासून होते. तेवढीच ताकद काढायला १८० व्होल्टवर मशीन सव्वापटीहून जास्त करंट ओढतं. वायर तापते, व्होल्ट आणखी पडतात, रॉड लोखंडाला चिकटतो आणि शिकाऊ माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. हात शिकेल हो, व्होल्टेज शिकणार नाही. तेव्हा पट्टीवर बघायची पहिली गोष्ट म्हणजे मशीन किती व्होल्टपर्यंत तग धरतं. १६०-१७० पर्यंत चालणारी मशिनं मिळतात, त्यांना थोडे जास्त पैसे पडतात. ते द्या. ‘४००’ च्या स्टिकरला दिलेत त्यापेक्षा हे बरे.

मग येते एक्स्टेंशनची वायर, आणि इथे तर आपला समाज म्हणून कंजूषपणा उघडा पडतो. आठ हजारांचं मशीन गणपतीच्या माळांच्या वायरवर चालवतात. पाऊण चौरस मिलिमीटरची तीस मीटर वायर १६ अँपियरला २३ व्होल्ट स्वतःच गिळते. तेवढ्याच लांबीची चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साडेचार गिळते. आधीच १८० असलेल्या घरात हा फरक जोड लागणं आणि न लागणं यातला आहे. वायर गुंडाळी करून ठेवलीत तर ती आतल्या आत तापून वितळते. पूर्ण उलगडा, सावलीत टाका.

आता ‘ड्यूटी सायकल’. हा शब्द दुकानात उच्चारून बघा, समोरचा चहा मागवतो. अर्थ सोपा: दहा मिनिटांत किती मिनिटं मशीन सलग काम करेल. ‘१६० अँपियर, ३० टक्के’ म्हणजे तीन मिनिटं काम, सात मिनिटं आराम, तेही ४० अंश तापमान धरून. मे महिन्यात कर्जतचा पारा कुठे जातो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि पत्र्याखाली त्याहून वर. तरी हा आकडा वाईट नाही. मशीन गरम होतं ते अँपियरच्या वर्गाच्या प्रमाणात, त्यामुळे हेच मशीन ९० अँपियरवर जवळजवळ अखंड चालतं. म्हणजे खरं बोलणारं १६० चं मशीन बारा नंबरला पुरून उरतं. खोटं बोलणारं ४०० चं पुरेलच याची खात्री कोण देणार?

पावसाळ्यानंतर मेलेलं असं एक मशीन मी उघडून पाहिलं. बाजूचा पत्रा काढला तर आत एकच हिरवा बोर्ड आणि त्यावर काळा, मऊ थर. ग्राइंडरची भुकटी, जी पंख्याने इमानेइतबारे आत ओढली होती. लोखंडाची भुकटी आणि ओल, विजेच्या बोर्डावर! कॅपॅसिटरच्या पायांना हिरवट गंज चढलेला, आणि हीटसिंकच्या फटीत सुकून लाकूड झालेली एक पाल. ओल अडवायला बोर्डावर जो पारदर्शक लेप मारतात त्याचा पत्ता नव्हता. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे हे विकायला हिंमत लागते. सुटा बोर्ड मिळेल का विचारलं, तर म्हणे नवीनच घ्या. म्हणून घेण्याआधी पनवेल किंवा कल्याणपर्यंत दुरुस्ती होते का, हे नाव-पत्त्यासह विचारा. लोकल पकडून मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटवरून दोनशे रुपये वाचवून आणलेलं मशीन बिघडल्यावर पुन्हा तेच करावं लागतं, वजन घेऊन.

काही जण म्हणतात, मग मिग घेऊ, टिग घेऊ, ‘तीनात एक’ घेऊ. अवश्य. मिगचा गॅस उघड्या शेडमध्ये वाऱ्याने उडून जातो आणि जोडाला वारुळासारखी भोकं पडतात. बिनगॅसच्या तारेचं रीळ आपल्या हवेत गंजतं. टिगला आर्गॉनचा सिलिंडर भरून आणायचा आणि वर्षातून एकदा स्टीलची कढई जोडायची. जुनं तांब्याच्या गुंडाळीचं ट्रान्सफॉर्मर मशीन पालीला आणि ओलीला भीत नाही, हा त्याचा मोठेपणा. फॅब्रिकेशनवाले ते दोन फेजवर चालवतात. घरच्या सिंगल फेजवर लावलंत तर अख्ख्या आळीच्या ट्यूबलाइट लुकलुकतात. आणि ‘कॉपर’ म्हणून विकलेल्या गुंडाळीत अ‍ॅल्युमिनियम निघतं ते वेगळंच. घरासाठी साधं इन्व्हर्टर रॉड मशीन. विषय संपला.

खरा संताप मात्र ढालीचा. खोक्यात एकच ढाल येते, तीही खेळण्यातली. शनिवारी मुंबईहून आलेले साहेब ढालीआड, आणि अँगल धरायला वाडीवरचा पोरगा उघड्या डोळ्यांनी. त्याला सांगतात, “तिकडे बघ रे.” अतिनील किरणं मान वळवलेली ओळखत नाहीत, चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून परतूनही येतात. रात्री त्याच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, आई बटाट्याचे काप ठेवते, आणि दुसऱ्या दिवसाचा रोज बुडतो. त्याला मजुरी देताना साहेब घासाघीस करतात, ती करतानाही चेहऱ्यावर ढाल असावी असं वाटतं. दोन माणसं असतील तर दोन ढाली, दोन्हींना दहा नंबरची काच. परवडत नसेल तर वेल्डिंग परवडत नाही.

शॉकचंही तसंच. रॉड लोखंडाला लागलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. ओल्या फरशीवर, घामेजल्या अंगाने, अनवाणी माणसाला ते भारी पडू शकतात. बोर्डावर आरसीसीबी बसवाच, पण तो मशीनच्या पुढच्या बाजूचा करंट अडवत नाही, हेही लक्षात ठेवा. तिथे फक्त रबरी सोलचे बूट आणि कोरडे हातमोजे. जीआय पाइप घासून जस्त काढल्याशिवाय जोडू नका. त्याच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आणि पेट्रोल-ऑइलचा ‘रिकामा’ ड्रम जोडायला घेणाऱ्याशी मी बोलतच नाही, त्याच्या घरच्यांशी बोलतो.

घरी काय करू नये याचीही लाज नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात पत्रे कागदासारखे उडवले. डोक्यावरचं छप्पर, जिन्याचा कठडा, ट्रॉलीचा हूक ही कामं आयटीआयचा वर्षाचा वेल्डर ट्रेड करून पुढे दहा वर्षं हात काळे केलेल्या माणसाची. खोपोलीच्या पोलाद कारखान्यांनी या भागात असे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार केले. त्यांना बोलवा, मागतील ते द्या.

राहिला हिशेब. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं आपण हिणवून म्हणतो. वेल्डिंगमध्ये तोच शहाणपणा आहे. बजेट दहा हजार असेल तर मशीनवर निम्मे. उरलेल्यात चार चौरस मिलिमीटरची वायर, जड पितळी क्लॅम्प, दोन ढाली, चामड्याचे हातमोजे, आयएस ८१४ चा शिक्का असलेले ६०१३ रॉड आणि ते पावसाळ्यात कोरडे ठेवायला घट्ट झाकणाचा डबा. दुकानात गेलात की दुकानदाराला मशीन लावायला सांगा, त्याच्यासमोर बारा नंबरचे चार रॉड एकामागून एक संपवा. “किती अँपियर?” हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर त्याच्याकडे छापील आहे. विचारा, “किती व्होल्टला बंद पडतं, आणि बंद पडल्यावर कोण उघडतं?” तो गप्प झाला तर पैसे खिशात ठेवा आणि पुढचं दुकान गाठा.