ग्राइंडरचे गार्ड काढू नका

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले ग्रिल-गेट बनवणाऱ्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये कामाला जातात. अशाच एका वर्कशॉपमध्ये आम्ही गेलो असता एक मुलगा गार्ड काढलेल्या ग्राइंडरने लोखंडी अँगल कापताना दिसला. कारण विचारले, तर म्हणाला, "चार इंची चाक लवकर झिजतं. सात इंची गार्डमध्ये मावत नाही, म्हणून काढलं."

धोका आहे तो इथेच. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. सात इंची कटिंग चाक साधारण ८,५०० फेऱ्यांपर्यंतच चालवायचे असते. हा आकडा चाकावरच छापलेला असतो. त्याहून जास्त वेगाने फिरवल्यास चाक फुटू शकते आणि तुकडे अडवायला गार्डही नसते.

म्हणून तरुणांनो, आकडा वाचूनच चाक बसवा. तडा गेलेले चाक फेकून द्या. कटिंग चाकाच्या बाजूने घासकाम करू नका. चाक बदलण्याआधी प्लग काढा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

मालक घाई करील, सोबती हसतील. हसू द्या. चाक बाजारात दुसरे मिळते, डोळा मिळत नाही.

आणि मायबहिणींनो, मुलगा आज कामावरून आला की पगाराआधी गार्डचे विचारा.