अनुभव कोणाच्या कामी यावा?

गेल्या श्रावणात आमच्या भागातील पोलीस ठाण्यातून शाळेत निरोप आला. गणेशोत्सव जवळ आला होता, शांतता समितीची बैठक भरणार होती आणि तिच्यात एक सभासद म्हणून माझे नाव सुचविण्यात आले होते. निरोप घेऊन आलेला शिपाई माझाच जुना विद्यार्थी. माझी चुळबुळ पाहून तो धीर देत म्हणाला, "सर, तुम्हाला फक्त बसायचं आहे." त्याचे हे 'फक्त बसायचं' मला कुठेतरी बोचले, आणि 'कळवतो' असे सांगून मी त्याची बोळवण केली.

वाचकहो, नकाराची कारणे आपल्यापाशी नेहमीच तयार असतात. परीक्षा, हजेरीपट, वरिष्ठांची परवानगी, शिवाय पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचा मध्यमवर्गीय संकोच. त्या रात्री मात्र मला डिसेंबर १९९२ आठवला. अयोध्येतील घटनेनंतर सुरतेत जे घडले, ते ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. मी तेव्हा पदवीचा विद्यार्थी होतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मुसलमान शिंप्याचे दुकान होते; माझा शाळेतला पहिला गणवेश त्यांनीच शिवलेला. संचारबंदी थोडी सैल झाली त्या दिवशी ते दुकानाला कुलूप लावून बायकामुलांसह निघून गेले. मी खिडकीतून पाहत होतो. खाली जाऊन 'जाऊ नका' म्हणावे, निदान 'कुठे जाता' एवढे तरी विचारावे, हे मला सुचले नाही असे नाही. सुचले, आणि मी खिडकी लावून घेतली. ते परत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाला होकार कळविला आणि वरिष्ठांकडे परवानगीचा अर्ज धाडला.

समितीत कापडाचे दलाल होते, मागाच्या कारखान्यातला एक मुकादम होता, मशिदीचे एक विश्वस्त, मंडळांचे कार्यकर्ते आणि इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक परिचारिका. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिवर्धकाची वेळ, नमाजाची वेळ यांची चर्चा झाली, चहा झाला, उत्सवही सुरळीत पार पडला. काम संपले असे मला वाटले. ते सुरू झाले कार्तिकात.

नववीतली दोन मुले, एक आपल्या मराठी घरातला, दुसरा मुसलमान घरातला. एकाची मोपेड आणि दुसऱ्याची सायकल एकमेकांवर आदळली. सायकलवाल्याचा हात मुरगळला, मोपेडला पोचा पडला, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीच्या दोन तोंडांशी माणसे जमू लागली. ठाण्याच्या अधिकाऱ्यांनी आम्हा तिघाचौघांना बोलावले. तीस वर्षे शाळेतली भांडणे मिटविलेला माणूस मी. दहा मिनिटांत दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल दिला. मराठी मुलाने धक्का मारल्याबद्दल माफी मागावी, सायकलवाल्याच्या वडिलांनी दुरुस्तीचा निम्मा खर्च द्यावा. दोघेही बाप 'हो सर' म्हणाले. तिसऱ्या रात्री एका घराच्या काचेवर दगड आला.

त्या परिचारिकाबाई मूळच्या खानदेशातल्या. त्या मला शांतपणे म्हणाल्या, "सर, निकाल तुम्ही चांगला दिला. पण ते लोक निकाल घ्यायला आलेच नव्हते. पोराचा हात कसा आहे, हे कुणी विचारलं का?" मी विचारले नव्हते. आम्ही दोघे त्या घरी गेलो. बाईंनी आधी हात पाहिला, पट्टी नीट बांधून दिली. मग मुलाची आई बोलू लागली. दुखणे हाताचे नव्हते, पैशाचेही नव्हते. भांडणाच्या भरात तिच्या मुलाला त्याच्या धर्मावरून जे शब्द ऐकावे लागले, त्यांचा उल्लेखही माझ्या निकालात नव्हता. तेथून आम्ही मराठी घरी गेलो. ते शब्द ऐकल्यावर त्या मुलाचे वडील बराच वेळ गप्प बसले. मग न सांगता उठले आणि मुलाला घेऊन त्या घरी गेले. दुरुस्तीचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत.

त्या दिवशी मला कळले की अशा कामात अनुभव द्यायचा म्हणजे खुर्ची घेऊन जायचे नसते. मुख्याध्यापकाचा अनुभव कामी येतो तो दोन्ही घरे त्याला ओळखतात म्हणून, आणि मुलाच्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला थोडाफार लागतो म्हणून. निकाल देण्याची सवय मात्र शाळेच्या फाटकातच ठेवून यावी लागते.

हे काम नवे नाही. आपल्या सुरतेसारखेच मागांचे गाव असलेल्या भिवंडीत १९७० साली आणि पुन्हा १९८४ साली भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्यांचे जाळे विणले. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी दोन्ही समाजांतील साधे रहिवासी पोलिसांसोबत नियमाने एकत्र बसू लागले. दंगलीची चाहूल लागल्यावर नव्हे, तर एरवीच्या साध्या दिवसांत, किरकोळ तक्रारींसाठी. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. रिबेरो आणि साहनी दोघेही पोलीस अधिकारी. उमेदीतला अनुभव त्यांनी असा वस्तीच्या पदरात घातला.

आणि सुरतेपुरते बोलायचे तर आपल्याला याहून जुना वारसा आहे. आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथल्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४४ साली गुजराती शाळेचे मास्तर दुर्गाराम मेहताजी यांच्यासह त्यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली आणि जातिभेद, वहम, रूढी यांविषयी उघड चर्चा आरंभिली. एक मराठी मास्तर, एक गुजराती मास्तर. शाळा सुटल्यावर गावाच्या कामाला बसले. आपण सुरतेत पाहुणे आहोत असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या या मासिकाच्या वाचकांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, परिचारिका, वकील, मागांचे जाणकार आहेत. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे विधि स्वयंसेवकांची योजना २००९ पासून आहे. तीत निवृत्त शिक्षकांना व ज्येष्ठ नागरिकांनाही घेतात. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात वस्तीतील तंटे तिघा मध्यस्थांच्या मंडळाने मिटविण्याची तरतूद आहे. आणि शांतता समिती तर आपल्या ठाण्यातच आहे. तेथे नाव द्यावे. वेळ फार जात नाही. मान मात्र थोडा बाजूला ठेवावा लागतो.

तो शिपाई परवा पुन्हा भेटला. "सर, पुढच्या बैठकीला याल ना? फक्त बसायचं आहे," म्हणाला. मी हसून 'येतो' म्हटले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आता भ्रमणध्वनीचे दुकान आहे. तेथून जाताना मी अजूनही त्या बंद दाराची कडी शोधतो.