स्टेंटची नोंद मिळते, मग दाताच्या इम्प्लांटची का नाही?

इम्प्लांट बसवायचे ठरले की बहुतेक रुग्ण दोन प्रश्न विचारतात. 'डॉक्टर, खर्च किती येईल?' आणि 'कोणत्या कंपनीचे बसवणार?' दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही: 'माझ्या जबड्यात नेमके काय बसवले, ते मला लिहून द्याल का?' पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा विचार केला तर माझ्या मते हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे समजण्यासाठी आधी इम्प्लांटची रचना आणि मग त्याचा बाजार, दोन्ही थोडे पाहावे लागेल.

इम्प्लांट ही एकच वस्तू नसते

आपण सरसकट 'इम्प्लांट' म्हणतो, पण त्यात साधारण चार भाग असतात. हाडात बसतो तो टायटॅनियमचा, स्क्रूसारखे आटे असलेला भाग. खरे इम्प्लांट म्हणजे हेच. त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग म्हणजे अबटमेंट. या दोघांना घट्ट धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू असतो. आणि सर्वांत वर, आरशात तुम्हाला दिसते ती कॅप.

टायटॅनियम आणि हाड एकमेकांशी घट्ट जुळतात, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी दाखवून दिले. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवली. २००६ मध्ये लार्सन यांचे निधन झाले तोपर्यंत, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे, ती काम करत होती.

वरच्या भागांचे आयुष्य मात्र एवढे नसते. कॅपचा टवका उडतो, स्क्रू सैल होतो, क्वचित तुटतो. घराचा पाया शाबूत असला तरी नळाचा वॉशर अधूनमधून बदलावा लागतो, तसेच हे. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. योग्य भाग मिळाला तर दुरुस्ती सोपी असते.

अडचण 'योग्य भाग' या शब्दांतच आहे. इम्प्लांट आणि अबटमेंटची जोडणी सगळीकडे सारखी नसते. कोणाची षटकोनी जोडणी इम्प्लांटच्या माथ्यावर असते, कोणाची आत खोल, तर कोणाची निमुळत्या शंकूसारखी. स्क्रू फिरवायच्या ड्रायव्हरचे टोकसुद्धा वेगळे: एका कंपनीचे १.२ मिलिमीटर, दुसरीचे १.२५. फरक केसाच्या जाडीएवढा. पण चुकीचा ड्रायव्हर जोर लावून फिरवला तर स्क्रूची खाच झिजते आणि मग तो निघता निघत नाही.

कंपन्या बदलतात, तुमचा जबडा तोच राहतो

आता बाजाराकडे पाहू. अमेरिकेत १९८७ मध्ये 'थ्री-आय' नावाची इम्प्लांट कंपनी सुरू झाली. १९९९ मध्ये ती बायोमेटने घेतली. २०१५ मध्ये बायोमेट आणि झिमर एकत्र आल्या. २०२२ मध्ये त्यांचा दातांचा विभाग वेगळा होऊन 'झिमव्ही' झाला. ज्याला २००० साली हे इम्प्लांट बसले, त्याच्या हाडात काहीच बदलले नाही. खोक्यावरचे नाव मात्र बदलत गेले.

हे एकच उदाहरण नाही. ब्रोनेमार्क यांच्या कामातून पुढे आलेली नोबेल बायोकेअर २०१४ मध्ये डानाहर या अमेरिकी समूहाने घेतली आणि २०१९ पासून ती एन्व्हिस्टा या वेगळ्या कंपनीत आहे. 'कोणत्या देशाचे?' या प्रश्नाचे उत्तरही पूर्वीइतके सरळ राहिलेले नाही. इस्रायलची अल्फा-बायो २००८ मध्ये नोबेल बायोकेअरकडे गेली. इस्रायलचीच एमआयएस २०१६ मध्ये डेंट्सप्लाय सिरोनाने घेतली. ब्राझीलची निओडेंट आज स्वित्झर्लंडच्या स्ट्रॉमनची आहे. म्हणजे 'महाग' आणि 'परवडणारे' अशी दोन नावे तुम्हाला सांगितली जातात, तेव्हा मागे मालक एकच असू शकतो.

दुसरीकडे इम्प्लांट स्वस्त होत आहेत, आणि ते चांगलेच आहे. दक्षिण कोरियाने २०१४ पासून वृद्धांच्या इम्प्लांटचा खर्च सरकारी आरोग्य विम्यात घेतला. २०१६ मध्ये वयाची अट ६५ वर आणली. चीनने २०२३ मध्ये सरकारी पातळीवर एकत्रित खरेदी केली आणि इम्प्लांटच्या किमती सरासरी ५५ टक्क्यांनी उतरल्या. शिवाय तिथे इम्प्लांटची किंमत, कॅपची किंमत आणि डॉक्टरांच्या कामाचे शुल्क वेगवेगळे मोजले गेले.

आपल्याकडे कोरियन, इस्रायली, युरोपीय आणि भारतीय अशी अनेक बनावटीची इम्प्लांट मिळतात. त्याशिवाय मूळ कंपनीच्या इम्प्लांटवर बसतील असे 'कम्पॅटिबल' अबटमेंट आणि स्क्रू बनवणारे वेगळे उत्पादक आहेत. त्यांतले सगळे वाईट नसतात. पण जोडणीत किंचित फट राहिली तर स्क्रू वारंवार सैल होतो आणि त्या फटीत जंतू घर करतात. म्हणून इम्प्लांट एका कंपनीचे आणि अबटमेंट दुसरीचे असेल, तर ते तुम्हाला ठाऊक असायला हवे.

नोंद नसली की काय होते?

समजा, तुम्ही पुण्यात इम्प्लांट बसवून घेतले आणि दहा वर्षांनी मुलाकडे न्यू जर्सीला गेलात. तिथे जेवताना कॅप हलू लागली. तिथला दंतवैद्य पहिला प्रश्न विचारेल, 'कोणती सिस्टिम आहे?' तुमचे उत्तर: 'चांगल्या कंपनीचे आहे, डॉक्टर म्हणाले होते.'

मग एक्स-रे काढून, आकार आणि आटे पाहून अंदाज बांधायचा. अनुभवी डॉक्टरला बरेचदा ओळखता येते. पण एकमेकांसारखी दिसणारी इम्प्लांट बाजारात खूप आहेत. ओळख पटली नाही तर काही वेळा हाडात घट्ट बसलेले, निरोगी इम्प्लांट काढून टाकावे लागते किंवा न वापरता हिरडीखाली तसेच ठेवावे लागते. काही हजारांच्या स्क्रूसाठी पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा महिन्यांची वाट आणि पुन्हा सगळा खर्च. यासाठी परदेशीच जायला हवे असे नाही. तुमचे डॉक्टर निवृत्त झाले, दवाखाना बंद झाला, तुम्ही नाशिकहून ठाण्याला राहायला गेलात, तरी हेच घडते.

माझे मत

हृदयाच्या स्टेंटची किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधून दिली. त्याच वेळी रुग्णालयांनी बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवावी आणि ब्रँड, उत्पादक, बॅच क्रमांकही लिहावा, असेही सांगितले. युरोपीय संघात २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार इम्प्लांट बसवलेल्या रुग्णाला ओळखपत्रासारखे कार्ड द्यावे लागते. दातांचे इम्प्लांटही शरीरात कायमचे राहणारे उपकरण आहे. मग त्याची नोंद रुग्णाच्या हाती का नसावी? ती डॉक्टरांनी मेहेरबानी म्हणून देऊ नये. तो रुग्णाचा हक्क मानला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे काही सहकारी म्हणतात, 'कागद दिला तरी रुग्ण हरवतात.' हरवतीलही, म्हणून तर मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगावे. काहींना वाटते, कंपनीचे नाव लिहून दिले की रुग्ण इंटरनेटवर किंमत शोधणार आणि घासाघीस करणार. ही भीती खरी आहे. पण त्यावर उपाय म्हणजे आपण कशाचे पैसे घेतो ते समजावून सांगणे. इम्प्लांटच्या खर्चात तपासणी, शस्त्रक्रिया, निर्जंतुकीकरण, लॅबचे काम आणि डॉक्टरांचे कौशल्य असते. ते लपवण्यासारखे नाही, तसेच वस्तूचे नावही लपवण्यासारखे नाही. अनेक दंतवैद्य आजही न मागता कार्ड देतात. ते सगळीकडे व्हावे, एवढीच अपेक्षा.

तुम्ही काय मागायचे?

१. कंपनीचे आणि मॉडेलचे पूर्ण नाव. फक्त 'जर्मन' किंवा 'कोरियन' एवढे पुरेसे नाही.

२. इम्प्लांटचा व्यास आणि लांबी, आणि ते कोणत्या दाताच्या जागी व कोणत्या तारखेला बसवले ती नोंद.

३. पाकिटावरचे स्टिकर. इम्प्लांटच्या पाकिटात बहुधा सोलून काढता येणारी स्टिकर असतात. त्यांवर कॅटलॉग क्रमांक आणि लॉट क्रमांक असतो. एक तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या.

४. अबटमेंट मूळ कंपनीचे की कम्पॅटिबल, आणि कॅप स्क्रूने बसवली आहे की सिमेंटने.

५. काम पूर्ण झाल्यानंतरचा एक्स-रे.

आधीच इम्प्लांट बसवले असेल, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. दवाखान्यात फोन करा आणि ही माहिती मागून घ्या. रेकॉर्ड आणि डॉक्टर दोन्ही जागेवर आहेत तोवर हे पाच मिनिटांचे काम आहे. मिळालेल्या कागदाचा फोटो काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. वयाच्या सत्तरीत कॅप सैल होईल तेव्हा कदाचित तुमच्यासोबत दंतवैद्याकडे तेच आलेले असतील.