रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता जरा भटकून ये

"कशातच मन लागत नाही, सर."

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एक विद्यार्थी वडिलांसोबत ओपीडीत आला. बीएस्सीचं दुसरं वर्ष, गाव धारूरकडचं, अंबाजोगाईत दोघा मित्रांसोबत भाड्याच्या खोलीत राहतो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) थकवा, डोकं जड, रात्री दोन वाजेपर्यंत झोप नाही, सकाळी उठवत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ सगळं तपासलं. सगळं नॉर्मल.

मी त्याला दिवस कसा जातो ते विचारलं. खोली, कॉलेज, मेस, खोली. मधल्या वेळात मोबाईल. दीड वर्षात अंबाजोगाईत काय काय पाहिलंस? तो जरा थांबला. "योगेश्वरीला गेलो होतो, ॲडमिशनच्या दिवशी."

मी गोळी लिहिली नाही. एका चिठ्ठीवर पाच छोटी कामं लिहून दिली. वडिलांनी ती वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "सायेब, चार दिवसांनी आमची टोळी निघायची. आमी सा महिने कारखान्यावर, अन् ह्यानं गावभर हिंडायचं व्हय? ताकदीची गोळी द्या एखादी."

त्यांचं चुकीचं नव्हतं. उचल घेतलेली, कोयता ठरलेला, घरातला पहिला पदवीचा मुलगा एकटा मागे ठेवून जायचं. अशा माणसाला डॉक्टर 'भटकू द्या' म्हणाला तर राग येणारच. आपल्या बीड जिल्ह्यात हजारो घरांत दरवर्षी हेच घडतं. मुलाच्या हातातला प्रत्येक तास कोणीतरी उसाच्या फडात पाठ वाकवून कमावलेला असतो, आणि मुलालाही ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो खोलीत बसून राहतो. अभ्यास होत नाही, पण बाहेर पडलं तर अपराधी वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांचा थकवा इथून सुरू होतो, आणि आम्ही डॉक्टर त्याला बी-कॉम्प्लेक्स लिहून देतो.

आता त्या चिठ्ठीमागचं कारण सांगतो.

मेंदूला नवीन गोष्ट आवडते. अनोळखी वाट, न पाहिलेली जागा, अनपेक्षित भेट समोर आली की मेंदूत डोपामिनची हालचाल होते. हे रसायन नुसतं आनंदाचं नाही. 'इकडे लक्ष दे, पुढे जा' असा इशाराही ते देतं. रोज तेच घडत राहिलं की हे इशारे मंदावतात. मग मोबाईल स्वस्तातलं नावीन्य पुरवतो, दर पंधरा सेकंदाला एक. पण त्यात पाय हलत नाहीत, ऊन लागत नाही, माणूस भेटत नाही आणि रात्रीची झोप जाते.

२०२० साली 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. न्यूयॉर्क आणि मायामीतल्या लोकांच्या फिरण्याची नोंद काही महिने त्यांच्या फोनवरून ठेवली आणि अधूनमधून त्यांना मनःस्थिती विचारली. ज्या दिवशी माणूस जास्त वेगवेगळ्या जागी गेला, त्या दिवशी त्याला जास्त बरं वाटत होतं. नातं दोन्ही बाजूंचं असावं, म्हणजे बरं वाटतं म्हणूनही माणूस बाहेर पडतो. तरी एक बाजू आपल्या हातात आहे. नैराश्याच्या उपचारातही 'आधी मन लागू दे, मग करीन' यापेक्षा 'आधी थोडं कर, मन मागून येईल' ही पद्धत मानसोपचारात वापरतात. उपयोगही होतो.

आणि यासाठी न्यूयॉर्क लागत नाही. अंबाजोगाईत शिकणारा मुलगा आठशे वर्षांच्या गावात राहतो. गावातून जयंती नदी जाते. हत्तीखान्याची खडकात कोरलेली लेणी गावातच आहेत, अंगणात दगडी हत्ती उभे. बाराखांबी मंदिर आहे. 'विवेकसिंधू' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगराच्या कुशीत आहे. त्या ग्रंथाचा काळ परंपरेनं शके १११०, म्हणजे ११८८ मानतात. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी याच गावची. निजामाच्या राजवटीत गावाचं नाव मोमिनाबाद होतं, ते का आणि कसं बदललं हे एखाद्या म्हाताऱ्या दुकानदाराला विचारलं तर तास कसा गेला कळणार नाही. १९७० च्या दशकात इथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आशियातलं पहिलं अशी त्याची ओळख सांगतात. या एवढ्याशा गावात कुठून कुठून मुलं शिकायला येतात. आणि त्यातली कितीतरी मुलं तीन-चार वर्षं राहून खोली ते मेस एवढाच रस्ता शिकून जातात!

पण चिठ्ठीतली सगळी कामं फिरण्याची नव्हती. पहिलं होतं सकाळी कॉलेजला वेगळ्या रस्त्यानं, चालत जाणं. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते. दुसरं, ग्रंथालयात कधीच न पाहिलेल्या कपाटातलं एक पुस्तक काढून दहा पानं वाचणं. तिसरं, मेसमध्ये दुसऱ्या शाखेच्या कुणाशेजारी बसून जेवणं. चौथं, आठवड्यातून एकदा वरच्यापैकी एक जागा पाहणं. पाचवं होतं वर्गात हात वर करून एक प्रश्न विचारणं.

हे पाचवं वाचून बरेच जण हसतील. खेड्यातून आलेल्या मुलाला विचारा. वर्गात हात वर करायचा म्हटलं की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, तळहात ओले होतात. हे अ‍ॅड्रिनॅलिनचं काम. वाघ समोर आला तरी शरीर हेच करतं. आपली भाषा हसण्यासारखी आहे, इंग्रजी चुकेल, मागचे हसतील. माझ्या शिकण्याच्या दिवसांत एकदा मी चुकीचा उच्चार केला आणि आमच्या एका सरांनी तो वर्गभर तीनदा म्हणून दाखवला. पुढचे आठ महिने मी तोंड उघडलं नाही. नंतर कळलं ते असं: टाळत राहिलं की भीती वाढते. एकदा धडधड सहन करून बोललो की ती थोड्या वेळात आपोआप उतरते, आणि पुढच्या वेळी जरा कमी चढते. त्यामुळे साहस म्हणजे सह्याद्रीतला कडाच हवा असं नाही, शेवटच्या बाकावरूनही ते करता येतं. भरलेल्या विहिरीच्या काठावर सेल्फी किंवा घाटात तिघे एका मोटारसायकलवर, याला मात्र मी साहस म्हणत नाही. त्यातले काही जण नंतर आमच्याकडे स्ट्रेचरवर येतात.

डोंगरात जाताना बूट घाला, अंधार पडायच्या आत परता, दगडाखाली हात घालू नका. घोणस, मण्यार आपल्याकडे आहेत. साप चावला तर मांत्रिक नको, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. मुलगा चौकात दिसला तर कुणी विचारत नाही. मुलगी दिसली तर संध्याकाळपर्यंत घरी फोन जातो. पालकांनो, तिची काळजी वाटते हे समजतं, पण चार वर्षं खोलीत कोंडलेल्या मुलीचं डोकं दुखणारच, आणि त्या दुखण्याचं औषध माझ्या कपाटात नाही. दोघी-तिघींनी मिळून दिवसाउजेडी लेणी पाहायला जाण्यात काय बिघडतं?

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज उदास वाटत असेल, भूक-झोप बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर भटकणं हा उपचार नव्हे. तेव्हा डॉक्टरकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे. या मुलालाही मी वडिलांना बाहेर बसवून सरळ विचारलं होतं, मरावंसं वाटतं का? असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं सांगायला वाट मिळते. तो नाही म्हणाला. मग म्हणाला, "बाबा निघाले की जास्त वाटतं." पंधरा दिवसांनी यायचं आणि मधे जास्त वाटलं तर त्याच दिवशी यायचं, असं ठरलं. वडिलांना मी सांगितलं, गोळी लागली तर मी देईन. तुम्ही फडातून आठवड्याला एक फोन करा आणि त्यात मार्क विचारू नका, 'काय नवीन पाहिलं' ते विचारा. ते काही बोलले नाहीत. चिठ्ठी घडी करून मुलाच्या खिशात घातली.

पंधरा दिवसांनी तो एकटाच आला. झोप बारापर्यंत आली होती, थकवा थोडा होताच. मुकुंदराजला खोलीतल्या दोघांना घेऊन गेला होता, फोनवर बाबांना सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी मलाही दाखव.

"पाचवं राहिलंय, सर," तो म्हणाला. "सोमवारी फिजिक्सचा तास आहे, अकराला."