उसाची नोंद करता, मग मृत्युपत्र का नाही?



लागण झाली की तुम्ही लगोलग गट ऑफिसला येता. गट नंबर, उसाची जात, तारीख, क्षेत्र गुंठ्यापर्यंत लिहवून घेता. तारीख दोन दिवस मागेपुढे पडली तर आमच्याशी भांडता. भांडलेच पाहिजे, तोडणीचा क्रम त्यावरच लागतो. पण ज्या रानात तो ऊस उभा आहे, ते आपल्यामागे कोणाचे, हे लिहायला मात्र हात धजत नाही. "आत्ताच कशाला अभद्र बोलायचं?" म्हणून विषय टळतो.

आम्ही शेतकी खात्यातली माणसं, वकील नव्हे. तरी बांधावर जे दिसते ते सांगणे आमचे काम आहे. आमच्या पाहण्यातला एक सभासद हंगामाच्या तोंडावर वारला. शेअर्सला नॉमिनी थोरला मुलगा. धाकटा आधीच गेलेला, त्याची बायको दोन लेकरांसह त्याच घरात. थोरला म्हणाला, "कारखान्याच्या दप्तरात माझं नाव आहे, सगळं माझं." सून अडून बसली, बहिणी आल्या, हरकतीचे अर्ज पडले. तोडणी टोळी दोनदा परत गेली. उसाला तुरा आला, वजन घटले. नुकसान सगळ्यांचेच झाले.

यात चूक कोठे झाली? नॉमिनी म्हणजे मालक, ही समजूतच चूक. नॉमिनीच्या नावे भाग करून संस्था आपली जबाबदारी मोकळी करते. वारसांचा हक्क त्याने बुडत नाही. विम्याच्या पैशाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली हेच सांगितले, आणि कंपनीच्या शेअर्सबाबत 2023 साली पुन्हा सांगितले. शिवाय 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि तिची लेकरेही पहिल्या वर्गाचे वारस आहेत. ती सून उपरी नव्हती.

दुसरी चुकीची समजूत मुखत्यारपत्राची. म्हातारा थकला की मुलाला किंवा पुतण्याला मुखत्यार करतो, ते ठीकच. पण देणारा वारला त्या दिवशी मुखत्यारपत्रही संपले. त्यानंतर त्याच कागदावर सह्या करीत राहणे हा सरळ गुन्ह्याला आमंत्रण देणारा प्रकार आहे.

मग उपाय मृत्युपत्राचा. त्याला स्टॅम्प लागत नाही, साधा कागद चालतो. सही किंवा अंगठा करणारा शुद्धीवर हवा, आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये, उगाच संशय नको. नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे, आणि वय झाले असेल तर डॉक्टरचा दाखला जोडावा, असे आमचे मत आहे. मन बदलले तर नवे करता येते. शेवटचे ते खरे. मुस्लिम सभासदांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी जाणकाराला विचारून घ्यावे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. वडिलार्जित जमिनीत मृत्युपत्र चालते ते फक्त आपल्या हिश्श्यापुरते. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि 2005 साली वडील हयात नसले तरी तो आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली ठरविले. साडीचोळी केली की लेकीचा हक्क फिटला, हा हिशेब आता चालत नाही. भाऊबीजेच्या ताटापुढे हक्कसोडपत्र ठेवणे आम्हाला तर लाजिरवाणे वाटते. ती राजीखुशीने सोडील तर सोडो. पण तिला आधी कळू द्या की ती काय सोडते आहे.

कोणी म्हणेल, मृत्युपत्राने घरात भांडण लागेल. भांडण कागदाने लागत नाही, कागद लपवल्याने लागते. चारचौघांत सांगून केलेले मृत्युपत्र बहुधा वाद मिटवतेच.

तेव्हा विनंती एवढीच. गाळप संपले की एक दिवस काढा. शेअर्स विभागात आपला नॉमिनी कोण लिहिला आहे ते पाहा. कित्येकांचा नॉमिनीच हयात नसेल. मग घरी बसून सगळ्यांशी बोला, आणि लिहा. खोडवा ठेवायचा की मोडायचा हे आपण आधी ठरवतो. मागच्यांचेही आधीच ठरवावे.

— ऊस विकास अधिकारी